वहिनीसाठी रक्त द्यायचं आहे, पण फॉर्मवर खरं लिहू का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून २६ वर्षांच्या तरुणाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील आम्ही काढून टाकले आहेत. घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि सोयाबीन. वडील नाहीत. वहिनींना सातवा महिना सुरू आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांचं हिमोग्लोबिन ८.१ निघालं. डॉक्टरांनी बाळंतपण जिल्ह्याच्या दवाखान्यात करायला आणि रक्त देणारे दोघं तयार ठेवायला सांगितलं. मोठा भाऊ सुईला घाबरतो, म्हणून सगळ्यांची नजर या तरुणावर आहे. तो लिहितो:

"ताई, माय म्हणते, 'तुयाच आंगात रगत नाही, तू काय देशीन?' बाबांनी एकदा दवाखान्यात रक्त दिलं होतं, त्यानंतर ते खंगतच गेले असं तिचं म्हणणं. मला रक्त द्यायचं आहे. पण तीन गोष्टी आहेत. श्रावणात मला मलेरिया झाला होता. महाशिवरात्रीच्या यात्रेत हातावर टॅटू काढला. आणि पोळ्यानंतर मित्रांसोबत नागपूरला गेलो, तेव्हा एका बाईकडे गेलो होतो. हे घरी कोणालाच माहीत नाही. दिवाळीनंतर माझ्या लग्नाची बोलणी आहेत. मित्र म्हणतात, फॉर्मवर सगळ्याला 'नाही' लिहून टाक, रक्त तर ते तपासतातच, काही असलं तर आपोआप कळेल. नाही दिलं तर घरचे विचारतील, का नाही दिलं. काय करू?"

भाऊ,

आधी सरळ उत्तर देते. या वेळी तुम्ही रक्त देऊ नका, आणि रक्तपेढीत गेलात तर काहीही लपवू नका. हे वाचून अपराधी वाटून घेऊ नका. वहिनींसाठी करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं बहुतेक तुमच्या हातात आहे.

मित्रांच्या बोलण्यात अर्धं खरं आहे. आपल्याकडे रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस म्हणजे गरमी आणि मलेरिया या पाच आजारांसाठी तपासणी होते. पण लागण झाल्यापासून ती तपासणीत दिसेपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जातात. त्या काळात रिपोर्ट चांगला येतो आणि रक्तातून आजार मात्र दुसऱ्याला जातो. यंत्र कितीही चांगलं असलं तरी हा काळ शून्यावर येत नाही. म्हणून तर फॉर्मवर इतके खासगी प्रश्न असतात. जिथे यंत्राचं चालत नाही तिथे फक्त दात्याचा शब्द असतो. तुमच्या पिशवीतून लाल पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा वेगळे केले तर ती तीन माणसांपर्यंत पोहोचू शकते. त्यात बाळंतपणात रक्त गेलेली एखादी बाई असेल, किंवा दर काही आठवड्यांनी रक्त घ्यावं लागणारं थॅलेसेमियाचं लेकरू असेल. त्यांना निवड करायची सोय नसते.

'आपोआप कळेल' हे तर मनातून पूर्ण काढून टाका. स्वतःची तपासणी व्हावी म्हणून रक्तदान करणं हा सगळ्यात धोकादायक मार्ग आहे. हे फक्त तुम्हाला सांगत नाही. शंका आली म्हणून शिबिरात जाऊन झोपणारे तरुण गावोगावी आहेत, त्या सगळ्यांना सांगते आहे.

तुमच्या तीन गोष्टींपैकी मलेरिया आणि टॅटूचा हिशेब सोपा आहे. मलेरियातून पूर्ण बरं झाल्यावर तीन महिने रक्त देता येत नाही, कारण ताप उतरला तरी जंतू रक्तात शिल्लक राहू शकतो आणि फ्रीजमध्ये ठेवलेल्या पिशवीतही तो जगतो. टॅटूनंतर १२ महिने थांबावं लागतं. यात्रेत सुई आणि शाई किती जणांना वापरली जाते ते तुम्ही पाहिलंच असेल. म्हणजे नागपूरची गोष्ट नसती, तरी आज तुम्हाला परत पाठवलं असतं.

घरी काय सांगायचं, याचं उत्तर यातच आहे. "मलेरिया होऊन अजून तीन महिने झाले नाहीत, म्हणून रक्त चालत नाही." यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि घरच्यांना एवढं सांगितलं तरी पुरे. नागपूरबद्दल आईला सांगायची गरज नाही. रक्तपेढीतल्या डॉक्टरांना मात्र सांगायचं. ते एकटं बसवून विचारतात. सोबतचे लोक जवळ असतील तर "जरा एकट्यानं बोलायचं आहे" म्हणा. नाकारल्याचं कारण ते नातेवाइकांना सांगत नाहीत. आणि समजा कुणी घाईत खोटं लिहून रक्त देऊन आला असेल, तरी त्याच दिवशी रक्तपेढीला फोन करून "माझी पिशवी वापरू नका" असं सांगता येतं. पिशवी बाजूला काढतात.

आता तुमच्या स्वतःबद्दल. झालं ते झालं, मी तुम्हाला पापपुण्य शिकवायला बसलेली नाही. पण तपासणी टाळू नका. ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात आयसीटीसी नावाची खोली असते. तिथे एचआयव्हीची तपासणी फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तालुक्याला ओळखीचे लोक भेटतील अशी धास्ती असेल तर यवतमाळला मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जा. १०९७ या क्रमांकावर फोन करून आधी बोलताही येतं. एक तपासणी आता करा आणि दुसरी नागपूरच्या त्या दिवसापासून तीन महिने झाल्यावर, म्हणजे मार्गशीर्ष लागल्यावर. पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून दुसरी सोडू नका. त्याच वेळी गरमी आणि कावीळ बी, सी यांच्याही तपासण्या करायला सांगा. लग्नाची बोलणी होऊ द्या, पण तारीख दुसऱ्या रिपोर्टनंतरची धरा. येणाऱ्या मुलीचा तेवढा हक्क आहे. (कुणा वाचकाच्या बाबतीत अशी गोष्ट नुकतीच घडली असेल, तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठा. लागण टाळणारी औषधं तेवढ्या वेळातच सुरू करता येतात.)

पुढे तुम्ही रक्त कधी देऊ शकाल, हे तिथले डॉक्टर तुमचं सगळं ऐकून ठरवतील. मी इथून तारीख देणार नाही.

आता वहिनींकडे येते, कारण पत्र त्यांच्यासाठी आहे आणि पत्रात त्याच सगळ्यात कमी दिसतात. तुमच्या घरात सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की हिमोग्लोबिन कमी म्हणजे रक्त चढवायचं, आणि म्हणून प्रश्न फक्त 'देणार कोण' एवढाच. पण त्यांना सातवा महिना आहे. हातात जवळपास दोन महिने आहेत. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं तर ते तीव्र धरतात; ८.१ त्याच्या वर आहे. या टप्प्यावर लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर सलाईनमधून लोहाची इंजेक्शनं घेतली, तर बाळंतपणापर्यंत आकडा बराच वर येऊ शकतो. इंजेक्शनलाही परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात, म्हणून ते नवव्या महिन्यात मागून उपयोग नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते. येत्या ९ तारखेला तुम्ही किंवा भाऊ वहिनींना घेऊन जा आणि स्पष्ट विचारा, "हिमोग्लोबिन वाढवायला आत्ता काय करायचं? इंजेक्शन लागेल का?" भाऊ सुईला घाबरतो म्हणता, बायकोला घेऊन जायला तर हरकत नाही ना?

आणि घरात जरा बघा. वहिनी गोळ्या खरंच घेतात का? मळमळ होते, शौच काळं होतं म्हणून किती तरी बाया त्या डब्यात टाकून ठेवतात. चहासोबत गोळी घेतली तर लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घेतली तर चांगलं लागतं. जेवायला त्या सगळ्यांच्या शेवटी बसतात का? पराटीत कापूस वेचायला अजून जातात का? अंबाडीची भाजी, चणे, तीळ, अंडी हे त्यांच्या ताटात किती येतं? महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. ते बाळंतपणाच्या दिवशी कमी होत नाही, वर्षानुवर्षं ताटातून कमी होत आलेलं असतं. ज्या घरातले तीन जण रक्त कोण देणार यावर भांडतात, त्या घरात पोटुशी सून उरलंसुरलं खात असेल तर मला त्याचं फार वाईट वाटतं. तुमच्या घरी असं नसेलही. पण बघा.

एक तपासणी आवर्जून करून घ्या, सिकलसेलची. लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा, आईबापाकडून येणारा हा रक्ताचा आजार आपल्या विदर्भात पुष्कळ आहे. मलेरियाच्या पट्ट्यात तो टिकून राहिला, कारण ज्याच्यात आई किंवा बाप अशा एकाकडूनच सिकलचा दोष आलेला असतो त्याला जिवावरच्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. असा वाहक माणूस धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वहिनींचं रक्त कमी असण्यामागे सिकलसेल असेल तर उपचाराची दिशाच बदलते, नुसतं लोह देत बसून चालत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. वहिनींचा रिपोर्ट काहीही वेगळा आला तर भावाचीही करा. तुमची तर लग्नाआधी कराच. पत्रिका जुळवण्याआधी दोघांनी सिकलचं कार्ड बघावं असं मी प्रत्येक तरुणाला सांगते. आणि वाहक असल्याचं माहीत असेल तर रक्त देताना ते सांगायचं. हिमोग्लोबिन चांगलं असलेल्या वाहकाचं रक्त घ्यायचं का, हे डॉक्टर ठरवतील, पण ते नवजात बाळाला किंवा सिकलच्या रुग्णाला चढवत नाहीत.

तरीही रक्ताची तयारी हवी, डॉक्टरांनी ते योग्यच सांगितलं. बाळंतपणात अचानक रक्तस्राव झाला, तर ११ हिमोग्लोबिन असलेली बाई जेवढं सोसेल तेवढं ८ वाली सोसू शकत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लागणारं रक्त मोफत आहे आणि "आधी दाता आणा, मग रक्त देऊ" असा हट्ट तिथे धरता कामा नये. प्रत्यक्षात रक्तपेढीत साठा नसतो, म्हणून नातेवाइकांना पळावं लागतं. याला उपाय एकच आहे, गरज पडायच्या आधी रक्त तिथे पोहोचलेलं असणं. रात्री दोन वाजता आणलेल्या माणसाचं रक्तही आधी तपासूनच वापरतात, त्यात वेळ जातो. त्यापेक्षा तुमच्या गावातल्या चार-पाच निरोगी पोरांनी महिनाभर आधी जिल्ह्याच्या रक्तपेढीत जाऊन रक्त दिलं तर त्या रात्री फ्रीजमध्ये साठा असण्याची शक्यता वाढेल. वहिनींचा रक्तगट कागदावर लिहून घ्या. तो निगेटिव्ह असेल तर आजच डॉक्टरांना विचारा. त्याची सोय वेगळी करावी लागते आणि गरोदरपणातलं एक वेगळं इंजेक्शनही असतं. बाळंतपण जिथे होणार तिथे रक्तपेढी आहे की नुसतं साठवणूक केंद्र, हेही विचारून ठेवा. कुठे कोणत्या गटाचं किती रक्त आहे ते ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर दिसतं.

"घरच्याचंच रक्त चांगलं" ही समजूत मी किती तरी वर्षं ऐकते आहे. वैद्यकशास्त्र उलट सांगतं. सख्ख्या नात्यातलं रक्त चढवलं तर क्वचित दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात, आणि तो आजार बहुतेक वेळा जीव घेतो. नवऱ्याचं रक्त बायकोला चढवलं तर तिच्या अंगात त्याच्या पेशींविरुद्ध प्रतिकार तयार होऊ शकतो आणि पुढच्या बाळाला त्याचा त्रास होतो. म्हणून तुमच्या भावानं रक्तपेढीसाठी रक्त जरूर द्यावं, पण "माझीच पिशवी तिला लावा" म्हणू नये. वहिनींच्या माहेरच्यांनाही हे सांगा, त्यांचे सख्खे भाऊ मोठ्या प्रेमानं येतील.

आता तुमच्या आईबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका. नवरा डोळ्यांदेखत खंगताना पाहिलेल्या बाईला आकडे सांगून पटत नाही. बाबांना कदाचित दुसराच आजार असेल, ज्याचं तेव्हा निदान झालं नाही. निरोगी माणूस एकदा रक्त देऊन खंगत नाही. साठ किलोच्या माणसात साधारण चार लिटरच्या वर रक्त असतं, त्यातलं ३५० किंवा ४५० मिली घेतात. पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, लाल पेशी काही आठवड्यांत. लोह भरून यायला मात्र महिने लागतात, कारण एका पिशवीसोबत दीडशे मिलिग्रॅमच्या वर लोह जातं. म्हणून पुरुषांनी दोन रक्तदानांमध्ये तीन महिने आणि बायांनी चार महिने अंतर ठेवायचं असतं.

पण आईच्या बोलण्यात तथ्यही आहे, ते मान्य करा. ज्याच्या अंगात खरंच रक्त कमी आहे त्यानं देऊ नये. वजन ४५ किलोच्या वर, वय १८ पूर्ण आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असल्याशिवाय रक्तपेढी घेत नाही, पुरुष असो की बाई. आपल्याकडच्या किती तरी बाया आणि मजूर त्याच आकड्यावर परत येतात, शरमेनं मान खाली घालून. त्यांनी शरमू नये. त्यांना फुकटात कळलं की उपचार हवा आहे. आईला पुढच्या वेळी वहिनींसोबतच दवाखान्यात न्या आणि त्यांचंही हिमोग्लोबिन बघून घ्या. त्यांच्या काळजीची कुणी दखल घेतली, एवढं तरी त्यांना दिसेल.

भावाला तयार करायचं असेल तर त्याला एकट्याला पुढे ढकलू नका, आधी रक्त दिलेल्या गड्यासोबत पाठवा. सुई नवी असते, एकदाच वापरतात, पिशवी भरायला दहा मिनिटंही लागत नाहीत. आदल्या रात्री नीट झोप हवी, दारू नको. उपाशीपोटी जायचं नाही, आणि हे नवरात्रात मुद्दाम सांगावं लागतं: नऊ दिवसांचे उपास धरणाऱ्यानं उपास सुटल्यावरच जावं. जेवून, दोन-तीन ग्लास पाणी पिऊन निघा. तंबाखू-सुपारीचा खर्रा खिशातच राहू द्या, आधीही आणि नंतरचे काही तासही. चक्कर यायला तेवढं कारण पुरतं. नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसा, एकदम उठू नका. परत येताना गाडी दुसऱ्यानं चालवावी. त्या दिवशी फवारणी नाही, सोयाबीनची पोती उचलणं नाही, विहिरीत उतरणं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं वावरात जाता येतं. ज्यांना डेंग्यू, टायफॉईड, कावीळ होऊन गेली आहे, कुत्रं चावून इंजेक्शनं झाली आहेत, दात काढला आहे किंवा ऑपरेशन झालं आहे, त्यांनी निघण्याआधीच रक्तपेढीला फोन करून किती थांबायचं ते विचारावं. लेकराला अंगावर पाजणाऱ्या बाईनं देऊ नये.

तुम्हाला स्वतःला या कामात हात लावायचा असेल तर गावात शिबिर भरवा. त्यासाठी रक्त द्यावं लागत नाही. आपल्याकडे १४ एप्रिलला, गणपतीत, नेत्यांच्या वाढदिवसाला शिबिरांची गर्दी होते, काही ठिकाणी हेल्मेट आणि बॅगा वाटतात. वस्तू मिळते म्हणून आलेला माणूस मलेरिया लपवतो, म्हणून मला त्या वाटपाची भीती वाटते. लाल रक्ताची पिशवी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकते, प्लेटलेट्स पाचच दिवस. एकाच दिवशी दोनशे पिशव्या आल्या आणि पुढचे दोन महिने एकही नाही, याचा दवाखान्याला उपयोग नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद, ऊन ४५ अंशांवर, लग्नांची धामधूम. रक्तपेढ्यांना तेव्हाच टंचाई येते. रक्तपेढीला फोन करून विचारा, तुम्हाला कोणत्या आठवड्यात किती पिशव्या हव्या आहेत, आणि तेवढ्याच दात्यांची नावं घ्या. वेळ सकाळी सात ते दहाची ठेवा, शाळेच्या खोलीत, मंडपात नको. आणि फॉर्म भरायला एक वेगळी खोली द्या, जिथे दार लावून एका वेळी एकच जण डॉक्टरांसमोर बसेल.